कातडी मागे ओढू नका : पालकांच्या ग्रुपवरच्या एका मेसेजला उत्तर

पाऊस लागला, कपडे वाळेनासे झाले, की ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरू लागतो : ‘मुलाची शूची जागा लाल झाली तर कातडी रोज मागे ओढून डेटॉलच्या पाण्याने धुवा, मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून लावा. पाच वर्षांपर्यंत कातडी मागे गेली नाही तर सुंता करावीच लागते.’ यातला एकही सल्ला पाळू नका.

‘रोज मागे ओढा.’ सगळ्यात जास्त इजा यानेच होते. जन्मतः शूच्या टोकावरची पुढची कातडी आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते आणि वर्षानुवर्षं हळूहळू सुटते. जबरदस्तीने ओढली की बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतो, आणि आपोआप सुटणारी कातडी खरोखरच आवळून बसते. मागे नेलेली कातडी पुढे आलीच नाही तर तिचा फास बसतो, बोंड सुजतं. अशा वेळी सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की वाशीचं महापालिका रुग्णालय, जवळ असेल तिथे लगेच न्या. कातडीखाली दिसणाऱ्या पांढऱ्या मऊ गाठी पू नसतात. गळलेल्या पेशींचा तो साका असतो, कातडी सुटली की आपसूक बाहेर येतो.

‘डेटॉलने धुवा.’ या वयातली बरीचशी लाली जंतूंमुळे नसतेच. ओला डायपर, लघवी, साबणाचा फेस, नीट न खंगाळलेली चड्डी, यांनी त्वचा चुरचुरते. त्यात जंतुनाशक घातलं की आग वाढते आणि मूल लघवी धरून ठेवतं. त्याऐवजी टबात साधं कोमट पाणी घ्या, मुलाला दिवसातून दोन-तीनदा 10 मिनिटं बसवा. साबण नको. नंतर मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. डायपर जमेल तितका वेळ काढून ठेवा. लघवी करताना फार जळजळत असेल तर त्याच कोमट पाण्यात करू द्या. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, किलोमागे 15 मिग्रॅ. म्हणजे 12 किलोच्या मुलाला 180 मिग्रॅ. 5 मिलीत 250 मिग्रॅ असलेलं सिरप असेल तर साधारण साडेतीन मिली, दोन डोसांत किमान 4 ते 6 तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. सिरप 120 आणि 125 मिग्रॅचंही मिळतं, म्हणून बाटलीवरचा आकडा आधी वाचा.

‘खाजेची ट्यूब लावा.’ आपल्याकडे या नावाने हातात पडणाऱ्या ट्यूबमध्ये बहुधा तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. दोन दिवस लाली दबते, पण नाजूक त्वचा पातळ होते आणि मूळ कारण झाकलं जातं. कारण पाहूनच औषध ठरतं. बुरशी असेल तर क्लोट्रिमॅझोल 1 टक्का, नुसता दाह असेल तर हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का थोडे दिवस, जंतुसंसर्ग पसरला असेल तर पोटातून अँटिबायोटिक. हे डॉक्टरांनी तपासूनच सांगायचं.

‘पाच वर्षांनंतर सुंता.’ डेन्मार्कच्या याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलांची पाहणी 1968 मध्ये प्रसिद्ध केली. 6-7 वर्षांच्या मुलांपैकी 63 टक्क्यांची कातडी थोडीफार आतून चिकटलेलीच होती, 16-17 व्या वर्षी फक्त 3 टक्क्यांची. लघवीच्या वेळी कातडी क्षणभर फुगणंही बहुतेकदा निरुपद्रवी असतं. खरी आवळलेली कातडीसुद्धा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या स्टेरॉइड मलमाने, 4 ते 8 आठवड्यांत, अनेकदा सैल होते. शस्त्रक्रिया प्रामुख्याने टोकाशी पांढरा, घट्ट, व्रणासारखा कडा तयार झाला असेल तेव्हा, किंवा सूज पुन्हापुन्हा येत राहिली तर. वारंवार सूज, जोडीला खूप तहान आणि वजन घटणं असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या.

ताप, लाली पोटाकडे किंवा वृषणाकडे पसरणं, 8-10 तास लघवी न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरचे उपाय थांबवून मुलाला तातडीने दाखवा. नुसती लाली कोमट पाण्याने दोन-तीन दिवसांत उतरली नाही, तरीही बालरोगतज्ज्ञ गाठा.