नोकरी आहे हो मला!

मला नोकरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण परवा इंडियन ग्रोसरीत मी कोथिंबिरीची त्यातल्या त्यात हिरवी जुडी शोधत होतो, तेवढ्यात एका अर्धवट ओळखीच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हेही दिवस जातील." मला वाटलं, कोथिंबिरीबद्दल बोलतायत.

ते माझ्या बेकारीबद्दल बोलत होते. माझी नोकरी गेली, ही बातमी आमच्या भागातल्या मराठी मंडळींत पसरली आहे. पुरावा एकच : मी शनिवारी लिटल लीगच्या, म्हणजे इथल्या अमेरिकन पोरांच्या बेसबॉलच्या, मैदानावर अंपायर म्हणून उभा असतो.

कसा लागलो या नादाला? मुलगा खेळायचा, एकदा अंपायर आलाच नाही, कोच म्हणाला, "तुला क्रिकेट येतं ना?" आणि मास्क हातात दिला. मुलानं पुढच्या वर्षी बेसबॉल सोडून ड्रम धरले. मी मात्र अजून मैदानावरच आहे.

क्रिकेटच्या अंपायरचं बरं असतं. पांढरा कोट, डोक्यावर टोपी, खेळाडू येऊन अदबीनं स्वेटर देतात. चेंडू त्याच्याकडून पलीकडे जातो. इथे सगळं उलटं. पिचर, म्हणजे इथला बोलर, शेहेचाळीस फुटांवरून फेकतो तो थेट तुमच्याच रोखानं, आणि मधे बारा वर्षांचा कॅचर. त्याचं लक्ष बहुतेक वेळा मॅचनंतरच्या पिझ्झाकडे असतं. छातीला कवच, नडगीला कवच, तोंडावर जाळी, आणि शरीराचा जो भाग यात बसत नाही तिथेच चेंडू लागतो.

तर गेल्या शनिवारी. एप्रिलची थंडी, मी प्लेटमागे, म्हणजे बॅटरपुढच्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीमागे, वाकलेला, आणि माझ्या कानापासून आठ फुटांवर, जाळीच्या पलीकडे, घडीच्या खुर्चीत एक आजोबा. मफलर, सुनेनं दिलेलं दोन नंबर मोठं जाकीट, थर्मास. मास्कमुळे माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता. शेजारी आजी. त्यांच्याशी चाललेलं समालोचन मी तीन इनिंग मुकाट्यानं ऐकलं.

"बघितलंस, हा माणूस दर बॉलला बैठका काढतो."

मग मी खिशातला ब्रश काढून प्लेट झाडली. प्लेट झाडताना अंपायरनं प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, मैदानाकडे करायची, असा इथला शिष्टाचार आहे. म्हणजे मी नेमका आजोबांसमोर नमस्काराला वाकल्यासारखा वाकलो.

"झाडलोटपण हाच करतो," आजोबा हळहळले. "एवढा श्रीमंत देश, एक शिपाई ठेवता येत नाही?"

मग एका पोराच्या पोटरीवर चेंडू बसला आणि मी त्याला पहिल्या बेसवर, म्हणजे रनच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, फुकटात पाठवलं. आजोबा ताडकन उठले. "पायावर लागला आणि वर बक्षीस? आपल्याकडे सरळ एलबीडब्ल्यू दिला असता!"

मला हसू आवरेना. इंग्रजीत लोक मला आंधळा म्हणतात, चष्मा बदल म्हणतात, ते मास्कवरून ओघळून जातं. पण मराठी शब्द जाळीतून आत येतो आणि थेट लागतो. शिवाय मनातून बरंही वाटत होतं. कोणीतरी माझ्याकडे इतकं लक्ष देऊन बघतंय, हेच मुळात नवीन होतं.

चौथ्या इनिंगला एक फाउल, म्हणजे बॅटला लागून मागे उडालेला चेंडू, सुटला तो माझ्या दंडावर, कवच संपतं तिथे. मी ओरडलो, "आई गं!"

मागे एकदम शांतता. मग अगदी हळू आवाजात, "अहो... तुम्ही आपले?"

पुढची दीड मिनिटं, म्हणजे दोन्ही टीम जागा बदलेपर्यंत, माझी उलटतपासणी झाली. आडनाव. मूळ गाव. कोणत्या साली आलात. आजोबा डोंबिवलीचे, बँकेतून निवृत्त, बँकेच्या क्रिकेट टीमचे स्कोअरर.

"आणि याचे किती देतात?"

"काही नाही काका, हे स्वयंसेवी असतं."

आजोबांनी आजींकडे पाहिलं, आजींनी थर्मासकडे. "म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या," ते म्हणाले, आणि त्याच क्षणी माझी नोकरी गेली. मला फक्त ते कळलं नाही.

मी सांगायला हवं होतं की हायस्कूलच्या मॅचला पैसे मिळतात. पण ते सांगून तरी काय झालं असतं? हायस्कूलचं जग वेगळंच. तिथे बेस साठऐवजी नव्वद फुटांवर, इनिंग सहाऐवजी सात आणि जाळीमागे पोराच्या चेंडूचा वेग मोजायला रडार गन घेतलेले बाप. पोरगा नववीत, दुसऱ्या फळीच्या टीममध्ये, पण बापाच्या डोळ्यांसमोर कॉलेजची स्कॉलरशिप. माझा एक स्ट्राइक (असे तीन झाले की बॅटर आउट) म्हणजे त्याच्या हिशेबात चार वर्षांची फी. लिटल लीगमध्येही तेच. मागच्या वर्षी आमच्याबरोबर पंधरा वर्षांचा एक मुलगा बेसवर अंपायर होता, त्याची पहिलीच मॅच. एक बाप ओरडत त्याच्या मागे पार्किंगपर्यंत गेला. तो मुलगा परत आला नाही. आणि मग हेच लोक विचारतात, अंपायर का मिळत नाहीत, मॅच पुढे का ढकलली. आमच्याच न्यू जर्सीत डेप्टफर्डच्या लिटल लीगनं 2023 मध्ये नियम केला : अंपायरला शिवीगाळ केलीत तर आधी तीन मॅच स्वतः अंपायरिंग करा, मग प्रेक्षक म्हणून परत या. तीन कमी आहेत. मी सात म्हटल्या असत्या, आणि त्यातल्या चार पावसात.

असो. पाचवी इनिंग. "आता माझा नातू येतोय," मागून कुजबुज आली. "जरा बघून घ्या हं."

बघून काय घ्यायचं? लिटल लीगमध्ये स्ट्राइकचा पट्टा काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत, रुंदी प्लेटएवढी, सतरा इंच. नातू उभा राहायचा असा अंग चोरून की काख आणि गुडघा यांच्यात पोस्टकार्ड जेमतेम मावलं असतं. तरी तिसरा स्ट्राइक गुडघ्याच्या बरोबर वरून गेला. मी हात वर केला. आणि कॅचरच्या हातून चेंडू निसटला.

इथे बेसबॉलमधली सर्वांत चमत्कारिक गोष्ट येते. तिसरा स्ट्राइक कॅचरनं धरला नाही, तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. पण पहिल्या बेसवर आधीच आपला माणूस असेल आणि दोनपेक्षा कमी आउट असतील, तर नाही; बॅटर आउट तो आउटच. आमचा पोटरीवाला पुन्हा पहिल्या बेसवर उभा होता, एकच आउट होता. म्हणजे नातू आउट. मी तसं ओरडलोही. ऐकतो कोण? अख्खं मैदान ओरडत होतं, "पळ!" नातू पळाला. कॅचरनं घाबरून चेंडू पहिल्या बेसवरच्या गड्याच्या डोक्यावरून भिरकावला. उजव्या कोपऱ्यातला गडी पिवळी फुलं खुडत होता, त्याला दोनदा हाका माराव्या लागल्या. तोवर पोटरीवाला लंगडत का होईना, घरी, म्हणजे सगळे बेस फिरून परत प्लेटवर, पोहोचला. रन! आणि नातू दुसऱ्या बेसवर, छाती पुढे काढून. आजोबा खुर्चीवर चढले होते.

मी नातवाला बोलावून डगआउटमध्ये, टीमच्या बाकावर, पाठवलं. रन कायम ठेवला, कारण चेंडू खेळात होता. दोन्ही कोच माझ्यावर धावून आले. एकाला रन नको होता, दुसऱ्याला आउट.

आजोबांचा मुद्दा मात्र त्या दोघांपेक्षा सरस होता. "उभा आहे की तो तिथे! हात कुणी लावला त्याला?" मग जरा विचार करून, "आलेला रन चालतो, आणि ज्याच्या पळण्यामुळे आला तो बाद? हा कुठला न्याय?"

चार दिवस झाले, यावर मला उत्तर सुचलेलं नाही. नियम सुचतो, उत्तर नाही.

मॅच संपल्यावर मी गाडीशी कवचं सोडत होतो, तेव्हा आजोबा आले. राग गेला होता. त्याहून वाईट काहीतरी आलं होतं : कणव. "माझ्या मुलाच्या कंपनीत विचारून बघू का? बायोडाटा पाठवा. हल्ली सगळीकडेच कपात चालू आहे, लाजायचं काही कारण नाही."

"काका, मला नोकरी आहे. मी हौस म्हणून येतो."

त्यांनी माझ्या दंडावरचा लालबुंद वण पाहिला, घामानं चिकटलेला शर्ट पाहिला, आणि अतिशय समजूतदारपणे मान हलवली. "हो, हो. तसंच सांगायचं."

काल कोणाच्या तरी हाती बायकोकडे डबा आला. थालीपीठं, वर लोण्याचा गोळा. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'संकोच करू नये.' मी संकोच केला नाही. पाच होती.

आता डबा परत करायचा आहे, रिकामा देता येत नाही. बायकोनं चिवडा केलाय. मी तळाशी त्या नियमाची प्रिंट चौघडी करून घातली आहे, तो रन कायम राहतो ते वाक्य पेनानं अधोरेखित करून. शनिवारी पुन्हा त्याच टीमची मॅच आहे.