पाचोळा तेवढा राहू द्या!

आमच्या सायनच्या मॉर्निंग वॉकवाल्यांच्या ग्रुपवर गेले काही दिवस एकच टुमणं चाललंय: माहीमच्या निसर्ग उद्यानातल्या पायवाटा 'नीट' करा. नीट म्हणजे पेव्हर ब्लॉक, दिवे आणि रोजची झाडलोट. माझा तिन्हीला विरोध आहे, आणि झाडलोटीला सगळ्यात जास्त.

धारावी डेपोसमोरची ही 37 एकर जागा म्हणजे एकेकाळचं डम्पिंग ग्राउंड. 1983 मध्ये तिथे झाडं लावायला सुरुवात झाली, 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. कचऱ्याच्या थरावर जंगल उभं करायचं तर माती कसदार लागते, आणि तो कस येतो गळलेल्या पानांतून. वाटेच्या कडेला बसून पाचोळा जरा उकरून बघा. वर कुरकुरीत पानं, खाली ओलसर, नुसत्या शिरांची जाळी उरलेली, त्याच्याही खाली काळं भुसभुशीत काहीतरी, आणि त्यात अंगाचं वेटोळं करून पडलेला एखादा वाणी किडा. कस्तुर पक्षी हाच पाचोळा चोचीने उलटापालटा करत पोट भरतो. झाडून पोत्यात भरलात की त्याच्यापुढचं ताटच उचललंत!

पेव्हर ब्लॉक आले की वाट रुंद होते, कडेची झुडपं छाटली जातात, मग बाकडी, मग सेल्फी पॉइंट. अख्ख्या मुंबईत हेच बघतोय आपण. आणि रात्री उद्यान बंद असतं, मग दिवे कुणासाठी?

माणसांनी जाऊच नये असं मी म्हणत नाही. धारावीतल्या पोरांना चालत जाता येईल असं दुसरं जंगल कुठे आहे? गुडघेदुखीवाल्यांचा मुद्दाही रास्त आहे. गेटपासूनचा थोडा भाग सपाट करा, व्हीलचेअर जाईल असा. पुढे मात्र एकामागे एक चालावं लागेल एवढीच मातीची वाट असू दे, आणि मिठी नदीच्या बाजूच्या खारफुटीत कुणी शिरू नये.

ग्रुपवर कुणीतरी मलबार हिलच्या उन्नत मार्गाचा फोटो टाकला. तो 485 मीटरचा मार्ग मलाही आवडला, कारण माणसं वरून चालतात आणि खालची जमीन तुडवली जात नाही. पण तिथे डोंगरउतार आहे. इथे सपाटीला खांब रोवायला कशाला खणायचं?

ज्यांना पळायचंच आहे त्यांना माटुंग्याचं फाइव्ह गार्डन आहे की. इथे पावसाळ्यात येताना जुने बूट घाला, चिखल होणारच.