नुसतं भेटायला

आज सकाळी व्हिसाचे कागद घेऊन इथे वडोदऱ्यात रेसकोर्सला एका एजंटकडे गेले होते. घरी आल्यापासून तीनदा चहा टाकला, तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहायला बसले. मोठं होणार आहे. वेळ नसेल त्यांनी सोडून द्या, मी काही मनाला लावून घेणार नाही.

मुलगा तसा चांगला होता, माझ्या भाच्याच्या वयाचा. फॉर्म भरता भरता त्याने विचारलं, कोणाकडे जाताय? डॉटर? म्हटलं, नाही. सन? नाही. सिस्टर? नाही रे, मैत्रीण. त्याची बोटं कीबोर्डवर थांबली. मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मासी, आ उंमरे फ्रेन्ड माटे आटलो बधो खर्चो? वीडियो कॉल तो छे ज ने!" म्हणजे या वयात मैत्रिणीसाठी एवढा खर्च कशाला, व्हिडिओ कॉल तर आहेच ना.

प्रेमाने म्हणाला हो. तेच जास्त लागलं.

लेकीचं बाळंतपण आहे म्हटलं असतं तर त्याने अभिनंदन केलं असतं. भाचीचं लग्न म्हटलं असतं तर विचारलंही नसतं. अकरा दिवसांत सात देशांची टूर म्हटलं असतं तर चहा मागवला असता. फक्त नुसतं भेटायला जाते म्हटलं की माणसं अशी बघतात, जणू हिला काहीतरी झालंय. आणि हे त्या मुलाचंच नाही. आमच्या सोसायटीत, नात्यात, भिशीत, सगळीकडे हेच. "तिकडे काही आहे का?" काही म्हणजे काय? ती आहे ना तिकडे!

तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडत नाही. तुमच्यातल्या जुन्या दांडिया बाजारवाल्यांना कळलंच असेल. एका वाड्यात वाढलो, एका बाकावर बसलो. १९८६ साली लग्न होऊन ती इंग्लंडला गेली, लेस्टरला. दर तीन-चार वर्षांनी डिसेंबरात पंधरा दिवस यायची. त्यातही लग्नं, सासरचे, माहेरचे, बँकेची कामं. माझ्या वाट्याला एक संध्याकाळ यायची, तीसुद्धा बारा माणसांत. २०११ नंतर तेही थांबलं. मग दर रविवारी रात्री नऊला माझा फोन, तिच्याकडे दुपारचे साडेतीन नाहीतर साडेचार. एक रविवार चुकवला नाही दोघींनी. मला खरंच वाटायचं की तिचं सगळं मला माहीत आहे.

२०१८ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले. त्या पहिल्या सकाळचंच सांगायचंय मला.

तिकडे विटांची, एकाला एक चिकटलेली घरं. दार उघडलं की समोरच जिना. अरुंद, उभा, मरून रंगाचा गालिचा घातलेला, एका बाजूला लाकडी कठडा. मला पहाटे चारलाच जाग आली, बाहेर उजाडायला लागलं होतं. खाली येऊन चहाचं आधण ठेवलं. थोड्या वेळाने जिन्यावरून आवाज आला. थप्. मग काहीच नाही. परत थप्. मला वाटलं काही पडलं. बाहेर येऊन बघते तर ती उतरत होती. आडवी. तोंड कठड्याकडे, दोन्ही हात कठड्याला, एक पाय खालच्या पायरीवर, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग थांबायचं. श्वास घ्यायचा. मग पुढची पायरी. तेरा पायऱ्या आहेत, मी तिथेच उभ्या उभ्या मोजल्या. अर्ध्यावर आल्यावर तिने मला बघितलं आणि म्हणाली, "अगं, सकाळी जरा आखडतात. मग होतात मोकळे."

सात वर्षं दर रविवारी बोलत होते मी तिच्याशी. खिडकीजवळची ती एकच खुर्ची, केस विंचरलेले, खांद्यावर शाल. सात वर्षांत मी तिचे पाय बघितले नव्हते.

आणि तो मुलगा मला सांगतो, वीडियो कॉल तो छे ज ने.

आमची मांडवीची सेंट्रल लायब्ररी आठवते ना? सयाजीराव महाराजांनी १९१० साली काढलेली. आत कपाटांच्या मजल्यांना जमीनच काचेची, वरचा उजेड खालपर्यंत यावा म्हणून. कॉलेजात असताना आम्ही दोघी तिथे पडीक असायचो. मी खालच्या मजल्यावर असले की डोक्यावरच्या धुरकट काचेतून वरच्यांची पावलं दिसायची, नुसत्या सावल्या. त्यातली तिची पावलं मी लगेच ओळखायची. टाच आधी, भराभर, आणि वळताना एक छोटीशी उडी. पुस्तक मिटून ठेवायची मी, आली म्हणून. ज्या बाईची चाल मी काचेखालून ओळखत होते, तिचे गुडघे गेलेत हे मला सात वर्षं कळलं नाही, कारण फोन खांद्यापर्यंतच दाखवतो.

तिने सांगितलं का नाही, असं विचाराल. मीही विचारलं. म्हणाली, "सांगून तू तिकडून काय करणार होतीस?"

तीन आठवडे होते मी. आल्यावर सगळ्यांनी विचारलं, लंडन बघितलंस का, राजवाडा बघितलास का. नाही बघितला. हीथ्रोला उतरले, कोचने लेस्टर, तीन आठवड्यांनी परत कोचने हीथ्रो. बेलग्रेव्ह रोडला मात्र चार-पाचदा गेलो, मेथी-कोथिंबीर आणायला. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेले कितीतरी गुजराती तिथे येऊन राहिले, त्यामुळे दुकानात शिरलं की आपलं मंगळ बाजारच वाटतं. एका दुकानातल्या म्हाताऱ्या बांनी मी वडोदऱ्याची कळल्यावर माझा हात धरून ठेवला, लहरीपुऱ्याचं विचारत बसल्या. बाकी आम्ही काय केलं? पोळ्या केल्या. इस्त्री केली. जुन्या साड्या काढून फॉल बदलले. मंगळवारी रात्री कचऱ्याचा तो चाकांचा डबा मी फुटपाथवर नेऊन ठेवायची. आणि वर काही राहिलं की मी जायची. चष्मा वर राहिला, मी. गोळ्या वर राहिल्या, मी. तीन आठवडे तिचा जिना मी चढले-उतरले. मला विचाराल तर मी इंग्लंडमध्ये तो जिना बघितला आणि माझे पैसे वसूल झाले.

एकदा भांडलोही. कडाक्याचं. माझी आई २०१४ मध्ये गेली तेव्हा ती आली नव्हती, फोनवर दोन मिनिटं बोलली होती, ते माझ्या मनात तसंच होतं. दहाव्या दिवशी कुकरची शिट्टी होता होता बाहेर पडलं. तीही बोलली, तिच्याही मनात बरंच साठलं होतं. दोन तास एका स्वयंपाकघरात आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मग तिने साबुदाण्याच्या खिचडीची वाटी माझ्यापुढे ठेवली, वर लिंबाची फोड, दाण्याचं कूट जास्त, मला लागतं तसं. संपलं. चार वर्षांचं संपलं. फोनवर हे झालं असतं का? फोनवर अवघड काही आलं की "बरं, ठेवते गं, दार वाजतंय."

व्हिडिओ कॉलने कोरोनात आधार दिला, हे कबूल आहे. नाकारणार नाही. २०२१ च्या जानेवारीत तिचे मिस्टर गेले, तेव्हा त्याच फोनवर मी रात्रभर तिच्याबरोबर होते. पण काय दिसत होतं सांगू? फोन उशीवर कलंडला होता आणि पडद्यावर तिचा नुसता कान दिसत होता. कान, कुडी, आणि पांढऱ्या केसांची एक बट. आवाज येत होता रडण्याचा. तीन तास मी त्या कानाकडे बघत बसले. पाठीवरून हात फिरवायचा होता मला, आणि माझ्या हातात काय, तर फोन.

आता सांगा कोणीतरी मला, छे ज ने म्हणून.

गेल्या वर्षीच जायचं होतं परत. तिकीट काढायच्या बेतात होते आणि १२ जून आला. अहमदाबादहून लंडनला निघालेलं ते विमान. २४२ पैकी एक माणूस वाचला, आणि खाली होस्टेलमध्ये जेवायला बसलेली मुलं गेली ती वेगळीच. त्यावर जास्त लिहिणार नाही, या पोस्टवर अशी माणसं असतील ज्यांच्या ओळखीतलं कोणी त्यात होतं. पण कोण होते ते सगळे? सुट्टीला घरी येऊन परत निघालेले, मुलांकडे निघालेले. भेटायला आलेले आणि भेटायला निघालेलेच ना बरेचसे? महिनाभर हरणीच्या बाजूने विमानाचा आवाज आला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. घरच्यांनी विषय बंद केला. तिनेही सांगितलं, येऊ नकोस, माझी शपथ आहे तुला. मी ऐकलं. ऐकायला नको होतं. आमच्या वयात एक वर्ष म्हणजे किती असतं हे मला आज कळतंय, तेव्हा मी घाबरले होते.

खर्चाचं खरं आहे. स्वस्त नाही ते. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत त्यांना मी काय तोंडाने सांगू, त्यांच्याबद्दल बोलतच नाहीये मी. आणि आपण जाऊन बसलो की तिकडच्यांची अडचण होते, त्यांच्या नोकऱ्या, त्यांच्या खोल्या मोजक्या, तेही असतंच. पण ज्यांच्याकडे आहेत ते तरी कुठे जातात? घरातला सोफा दर पाच वर्षांनी बदलतो आपण. मुलाच्या लग्नात स्टेजच्या फुलांवर जेवढे जातात, त्यात माझं जाऊन-येऊन होतं. ते कोणाला उधळपट्टी वाटत नाही. आणि एक म्हातारी दुसऱ्या म्हातारीला बघायला जाते म्हटलं की सगळ्यांना हिशोब सुचतात!

या गावाला तर परदेशाचं नवल नको. महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला पाठवलं. तेव्हापासून, त्याच्याही आधीपासून, आपण पाठवतोच आहोत. पाठवायचं आपल्याला छान येतं. हार, पेढे, स्टेशनवर वीस माणसं. मागून बघायला जायचं मात्र कोणी शिकवलं नाही. तेच येतील, डिसेंबरात येतील, आपण लीलो चेवडो आणि भाकरवडी बांधून ठेवायची. आणि एका डिसेंबरात ते येत नाहीत, मग कधीच येत नाहीत, आणि आपण म्हणतो, तिकडे गेल्यावर माणसं बदलतात हो. बदलत नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात.

एजंटचं अजून संपलं नाही. मी गप्प बसले तर त्याला वाटलं वाईट वाटलं मला, म्हणून मदत करायला म्हणाला, "कझिन लखी दऊं, मासी? वधारे सारुं लागशे."

तेव्हा मात्र माझा आवाज चढला. मागे बसलेली दोन माणसं वळून बघायला लागली. म्हटलं, खोटं का लिहायचं? कझिन कशाला? माझ्या चार सख्ख्या चुलत बहिणी आहेत, त्यातल्या दोघींचे फोन नंबर नाहीत माझ्याकडे. फ्रेन्ड लिही. एफ आर आय ई एन डी. व्हिसा नाही मिळाला तर नाही मिळाला, पण माझ्या हाताने तिला मी कझिन करणार नाही. बिचारा घाबरला. लिहिलं त्याने फ्रेन्ड. पाणी आणून दिलं मला. निघताना पाया पडला, मग माझंच मन वरमलं. त्याचीही आई असेल कुठेतरी, तिचीही कोणी असेल. उद्या फोन करून बोलेन त्याच्याशी नीट.

हे लिहिता लिहिता नऊ वाजले. आज रविवार नाही, तरी लावला फोन. खुर्चीतच होती, शाल तीच. म्हटलं, व्हिसाच्या बोटांच्या ठशांची तारीख मिळाली, गुरुवारी अहमदाबाद. ती काही बोलली नाही थोडा वेळ. मग म्हणाली, "येताना दूध-तुपाचं काही आणू नकोस, घेतात काढून. मेतकूट आण. आमसुलं आण."

म्हटलं, आणते. जिना कसा आहे?

"जिना कुठला आता," म्हणाली. "पलंग खाली आणून घेतलाय फेब्रुवारीत. जिन्याखालच्या जागेत बाथरूम करून घेतलंय छोटंसं. वर जातच नाही मी. वरची खोली तुझी."

फेब्रुवारीत. तेव्हापासून कितीतरी रविवार होऊन गेले.

मेतकूट घरीच करणार आहे. डाळी उद्या भाजायला घेते. गुरुवारी सकाळी अहमदाबादला कोणी गाडीने जाणार असेल तर सांगा, मी बरोबर येईन.