‘लुटीचा माल’ आणि मुठीखालचा गंज

नमस्कार काका,

‘वयाने मोठा आहे, म्हणून स्पष्ट बोलतो’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय. राग नसावा.

ओहायोत एका इस्टेट सेलमध्ये घेतलेल्या जपानी तलवारीवर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. एक, हा लुटीचा माल आहे आणि त्याला ‘सापडली’ म्हणणं म्हणजे चोराने संशोधकाचा आव आणणं. दोन, आपण लंडनकडे जगदंबा तलवार मागायची आणि आपल्यातल्याच एकाने दुसऱ्याच्या वाडवडिलांची तलवार दिवाणखान्यात मांडायची, हे ढोंग आहे. तीन, फोटोत मुठीखालचा गंज दिसतो, म्हणजे मला शस्त्राची कदर नाही. आणि जाता जाता लिहिलंत की तुमच्या आजोबांनी ब्रह्मदेशच्या लढाईतून आणलेली अशीच एक तलवार गावच्या घरी आहे, आणि ती तुम्ही दर खंडेनवमीला चिंच लावून लख्ख करता.

चार ओळींत आटोपणार होतो. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि आटोपेना.

‘सापडली’ हा शब्द मी मागे घेतो. लेखाचं शीर्षक कालच बदललं. ज्या घरात ती सत्तर वर्षं तळघरात होती, त्या घराच्या दृष्टीने ती हरवलेली नव्हतीच. हरवलं होतं ते तिचं नाव. युद्धाच्या काळात जपानी लष्करी अधिकारी घरची जुनी पाती सरकारी नमुन्याच्या मुठीत आणि म्यानात बसवून घेत. तशाच मुठीत, तशाच म्यानात कारखान्यातली हजारो नवी पातीही होती. बाहेरून दोन्ही सारखीच. १९४५ मध्ये लुझॉनमध्ये ती ज्या अमेरिकी सैनिकाच्या हाती आली, त्याला काय कळणार? मूठ पात्याला एका बांबूच्या खुंटीने धरलेली असते. खुंटी काढून मूठ उतरवली, की आत पात्याचं शेपूट दिसतं. जपानीत त्याला नाकागो म्हणतात. माझ्या तलवारीच्या नाकागोवर खुंटीची दोन भोकं आहेत आणि सही नाही. म्हणजे बहुधा पूर्वी कधीतरी लांब पातं खालून कापून आखूड केलं आणि कारागिराचं नाव त्या तुकड्याबरोबर गेलं. तसं असेल, तर तिचं अर्धं विस्मरण जपानमध्येच, युद्धाच्या कितीतरी आधी झालेलं होतं.

जपानमधल्या मितोच्या तोकुगावा घराण्याकडची शोकुदाईकिरी (‘शमादान कापणारी’) मित्सुतादा ही तलवार घ्या. दाते मासामुने या सरदाराने एका माणसाला मारताना मधला शमादानही कापला, म्हणून तिचं हे नाव पडल्याची आख्यायिका आहे. १९२३ च्या महाभूकंपातल्या आगीत ती जळाली आणि गेलीच, असं सगळे धरून चालले. प्रत्यक्षात काळी पडलेली, पाणी उतरलेली ती तलवार संग्रहालयाच्या कोठारातच होती. तलवारींवरच्या एका व्हिडिओ गेमच्या चाहत्यांनी चौकश्या सुरू केल्या, तेव्हा कुठे २०१५ मध्ये ती लोकांपुढे मांडली गेली. घरातच होती, पण विचारणारं कुणी नव्हतं.

दुसरा मुद्दा जड आहे, आणि त्यात तुमचं बरंच खरं आहे. सगळ्यात प्रसिद्ध हरवलेली तलवार होंजो मासामुने. कामाकुरा काळातल्या मासामुने या कारागिराची (वरचा सरदार वेगळा) घडण, पुढे जपानवर राज्य करणाऱ्या तोकुगावा शोगुनांची वंशपरंपरागत ठेव, १९३९ मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंद. जपान शरण गेल्यावर शस्त्रं जमा करायचा अमेरिकी हुकूम निघाला, तेव्हा डिसेंबर १९४५ मध्ये तोकुगावा इएमासा यांनी ती घरच्या इतर तलवारींसह टोकियोच्या मेजिरो पोलीस ठाण्यात नेऊन दिली. जानेवारीत पोलिसांनी त्या एका अमेरिकी सैनिकाच्या हवाली केल्या. वहीत त्याचं नाव जसं ऐकलं तसं लिहिलं. त्या नावाचा माणूस अमेरिकी लष्कराच्या नोंदींत कुणाला मिळाला नाही, आणि तलवारही आजवर मिळालेली नाही. याला लूट म्हणा, जप्ती म्हणा, कारकुनी गोंधळ म्हणा. तलवार घराबाहेर जाताना दारात उभ्या माणसाला काय वाटलं असेल, ते शब्द बदलल्याने बदलत नाही.

पण त्याच काळात होन्मा जुंजी हे तलवारींचे अभ्यासक अमेरिकी अधिकाऱ्यांना पटवत होते की ही नुसती हत्यारं नव्हेत, कला आहे. कर्नल कॅडवेल यांना ते पटलं. हजारो तलवारी वितळवल्या गेल्या, समुद्रात फेकल्या गेल्या. तरी टोकियोतल्या आकाबानेच्या अमेरिकी डेपोतून साडेपाच हजारांच्या आसपास वेचून टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेल्या गेल्या. काही मूळ मालकांना परत मिळाल्या. बऱ्याचशा १९९९ मध्ये जपानभरच्या छोट्या संग्रहालयांना वाटून दिल्या.

संग्राहकाने काय करावं याचा माझ्यापुरता नमुना वॉल्टर कॉम्प्टन. इंडियाना राज्यातल्या एका औषध कंपनीचे अधिकारी. त्यांनी विकत घेतलेली एक तलवार जपानमधल्या कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानची, कुनिमुने या कारागिराची निघाली, युद्धानंतर नाहीशी झालेली. १९६३ मध्ये त्यांनी ती एक पैसाही न घेता परत केली. नाव लागलं, धनी लागला, वस्तू गेली. त्यांचा बाकीचा संग्रह मात्र त्यांच्याकडेच राहिला, कारण त्याला असा धनी नव्हता.

शरण येताना काही जपानी अधिकारी तलवारीला नाव-पत्ता लिहिलेली लाकडी पट्टी बांधून देत, कधीतरी परत येईल या आशेने. माझ्या तलवारीला पट्टी असती तर ती आज माझ्याकडे नसती. पण तशी पट्टी नाही. (आणि पट्टी असूनही सरळ परत जातेच असं नाही. जपानमध्ये तलवार ठेवायला नोंदणी लागते, ती पारंपरिक घडणीच्या पात्यालाच मिळते. कारखान्यातलं पातं असेल तर कुटुंबाला हवं असूनही ते घेता येत नाही.)

ढोंगाबद्दल एकच विचारतो. रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये आपल्या सरकारने लंडनच्या लिलावात ४७.१५ लाख रुपये मोजून घेतली. पातं युरोपी, त्यावर सोन्याने देवनागरीत ‘फिरंग’ असं कोरलेलं. तुम्हीही पेढे वाटले असतील. ती कुणा संग्राहकाने इतकी वर्षं सांभाळली नसती, तर घेतलं काय असतं?

मात्र तुम्ही विचारलं नाहीत, ते मीच सांगतो. तलवार घेताना पातं जुनं असावं असा मला संशय आला होता, आणि मी तोंड उघडलं नाही. तीनशे डॉलर दिले आणि गाडीत बसलो. पुढे दोन महिन्यांनी ती विकणाऱ्या बाईंना फोन करून खरं ते सांगितलं, फरक देऊ केला. त्या म्हणाल्या, पैसे नकोत, बाबांचं नाव तेवढं तिच्याबरोबर राहू द्या. ते आता म्यानाबरोबरच्या कागदावर आहे. तरी आधी गप्प बसलो हे खरं. चोर म्हणालात ते तिथे लागलं.

आता गंज. इथे मात्र मी ऐकणार नाही.

पात्यावरचा तांबूस गंज वाईट, तो मी तेल लावून थोपवलाय. जाणकार घासणाऱ्याकडे द्यायला पैसे साठवतोय, इंचामागे शंभर डॉलरच्या पुढे जातं ते काम. पण नाकागोवरचा काळसर गंज ही तलवारीची जन्मपत्रिका. त्याचा रंग, कानशीचे तिरके ओरखडे, भोकांच्या कडा यांवरून जाणकार काळ ओळखतात, खोटी सही पकडतात. जपानमध्ये शतकानुशतकं तो भाग मुद्दाम कुणी साफ करत नाही. अमेरिकेत कित्येकांनी तारेच्या ब्रशने तो चकचकीत केला आणि तलवारीची निम्मी किंमत, सगळी ओळख घालवली. आपल्या गावोगावी वीरगळांना ऑइलपेंट फासतात ना, भक्तीनेच फासतात. तसंच हे.

म्हणून तुमची चिंच. माझ्या आजोळीही दांडपट्टा राखेने आणि लिंबाने घासत, त्यामुळे हसत नाही. पण आंबट पदार्थ या पोलादाला खातो आणि धारेलगतची ती धुरकट नागमोडी रेघ, हामोन, घासून घासून पुसट होत जाते.

एवढं करा. पातं कोरड्या मऊ कापडाने पुसा, साध्या बिनवासाच्या खनिज तेलाचा पातळ हात फिरवा. पात्याला बोटं लावू नका. मुठीच्या बाजूला बांबूची खुंटी दिसेल, लष्करी मुठीत कधी दोन असतात. लाकडी काडीने हलकेच बाहेर ढकला, हातोडा नको. मूठ हलेना तर सोडून द्या. उतरलीच तर नाकागोचे दोन्ही बाजूंचे फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात काढा. छोटा शिक्का असेल तर बहुधा युद्धातली. अक्षरं असतील तर ती घासू नका, मला पाठवा. आणि म्यानाच्या दोरीला किंवा मुठीला एखादी लाकडी पट्टी, चिंधी, काही बांधलेलं होतं का, ते आजीला नाहीतर घरातल्या कुणा जुन्या माणसाला आधी विचारा.