काचेच्या डब्यात उत्पन्नाचा दाखला

पोरीच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आज गेले होते. कुठं ते लिहीत नाही, सोलापूरकरांनी ओळखून घ्यावं. दर्शनी सगळी निळी काच. बारा वाजता लाईट गेली आणि उघडायला एक खिडकी नाही! दहा मिनिटांत क्लार्क, म्हातारेकोतारे, पोरंबाळं, सगळे बाहेर कडुलिंबाखाली. शिपाई शिक्के आणि स्टॅम्पपॅडसुद्धा तिथंच घेऊन आला.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातच रत्नागिरीला आत्याकडे गेले होते. भर दुपारी दोनला ती मला थिबा राजवाडा दाखवायला घेऊन गेली. ब्रह्मदेशच्या राजाला नजरकैदेत ठेवायला इंग्रजांनी १९१० मध्ये बांधलेला. जांभ्या दगडाचा, उतरत्या छपरांचा, अर्धगोल लाकडी खिडक्यांच्या रांगा. घाम येत होता, खोटं का बोलू, पण वारं फिरत होतं. आत्या म्हणाली, "इथं वारं अडवलं की माणूस उकडून निघतं बघ."

कैद्याच्या घराला वारा आणि आम्हाला बंद काच!

कोकणात हवा दमट, म्हणून वारं खेळतं पाहिजे. पाऊस धो धो, म्हणून छप्पर उतरतं. आपल्याकडं कोरडी झळ, तिला दिवसा दाराबाहेरच ठेवायचं. आजीचं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, तेच करायचं. हातभर जाड भिंत, वर पांढरीच्या मातीचा थर, लहान झरोके. तेच माळवद रत्नागिरीत एका पावसाळ्यात वाहून जाईल. आणि हल्ली काच मात्र दोन्हीकडं तीच! आत्याच्या तिकडंही सरकारी इमारती अशाच व्हायला लागल्यात म्हणे. खारं वारं आतल्या सळ्या खातं, ते वेगळंच.

हो, ९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशाच जड माळवदांखाली माणसं गेली, ते विसरले नाही. आजीच्या घरातही पहिल्या पावसात पातेली मांडावी लागायची. मातीच थापा असं कुठं म्हणतेय मी? काचेवर सावलीला एखादा सज्जा काढा, खिडकीला उघडणारी झडप लावा. एवढं जड आहे का?

चिडून आत्याला फोन केला. सगळं ऐकून म्हणाली, "अगं, म्हणजे ऑफिस लिंबाखालीच चालतं की तुमचं." हसूच आलं.

दाखला मिळाला नाहीच. लाईट आली तर सर्व्हर बंद. उद्या परत बोलावलंय. दहालाच जाऊन लिंबाखाली जागा धरते.