कडी

वखारीतल्या करवतीच्या पट्ट्याचे 800, टेम्पोचं हॉल्टिंग 200, आणि जिच्यासाठी ती तुळई घेतली होती ती कडी गेली ती गेलीच. शनिवारपासून जेवताना, भांडी घासताना, ऑफिसात व्हाउचर तपासताना हेच डोक्यात घोळतंय. घरचे म्हणतात, सोड ना आता. कशी सोडू? माझी कडी होती.

थोडक्यात सांगते. गेले आठ महिने मी घरामागच्या 8 बाय 10 फुटांच्या जागेत वर्कशॉप बांधतेय, सगळं जुन्या मालातून. भिंती म्हणजे कोथरूडच्या रिडेव्हलपमेंटला गेलेल्या सोसायट्यांचे दरवाजे, शेजारी शेजारी उभे करून ठोकलेत, त्यामुळे माझ्या भिंतीला पाच पीपहोल आहेत आणि एका ठिकाणी 'कृपया बेल दोनदा वाजवू नये' अजून चिकटलेलं आहे, ते काढवत नाही. जमीन पॅलेटच्या फळ्यांची. (पॅलेट घेताना त्यावरचा शिक्का बघायचा बरं का, एचटी लिहिलेलं असेल तर लाकूड आतपर्यंत 56 डिग्रीला अर्धा तास तापवलेलं असतं, ते घ्यायचं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, त्याला हात लावायचा नाही. भंगारवाल्याला हे विचारलं तर तो म्हणाला, एमबी म्हणजे मजबूत.) रंधा जुन्या बाजारातला, रविवारी भल्या सकाळी जाऊन घासाघीस करून आणलेला.

राहिलं होतं फक्त टेबल. कामाचं टेबल पाइनच्या फळीचं चालत नाही, दोन ठोके घातले की नाचतं. नवीन सागवान माझ्या पगारात बसत नाही, आणि नवीन म्हणून जे मिळतं ते बरंचसं लागवडीचं, लवकर तोडलेलं, कडेला पांढरं कच्चं लाकूड. म्हणून नारायण पेठेत पाडलेल्या एका वाड्याच्या मालातून एक तुळई उचलली. 6 बाय 4 इंच, 9 फूट लांब, म्हणजे दीड घनफूट. खरं सांगू, लाकडापेक्षा मला तिच्यातली कडी आवडली होती. घडीव लोखंडाची, मुठीएवढी, पाळणा टांगायची असणार, आतून झिजून गुळगुळीत झालेली. ती नीट उलट्या बाजूने ठोकून काढायची आणि वर्कशॉपच्या दाराला लावायची असं ठरवलं होतं.

तुळई मधून चिरून दोन फळ्या काढायला ती टिंबर मार्केटातल्या एका वखारीत न्यायची होती. आता जुनं लाकूड म्हटलं की वखारवाल्याच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण आत खिळे. सुतार लोक खिळ्याला चूक म्हणतात ते उगाच नाही, जुन्या लाकडाचं काम म्हणजे आधीच्या पिढ्यांच्या चुका एकेक करून उपटत बसणं. मी मेलेल्या हार्डडिस्कमधलं लोहचुंबक काढून दोन संध्याकाळी इंच इंच फिरवलं आणि 41 चुका काढल्या, त्यातल्या काही चौकोनी, हाताने घडवलेल्या. तुळईत कडी सोडून एक ग्रॅम लोखंड उरलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

वखारीत पोचलो. मी पुढे, टेम्पोवाला पोरगा मागे, वय वर्षं बावीस-तेवीस, कानात इअरफोन. शेठने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला विचारलं, "साईज काय काढायची?"

मी म्हटलं, "मधून चिरायची, 4 चे दोन, जेवढे जाड निघतील तेवढे."

शेठ त्याच्याकडेच बघतोय. त्याने एक इअरफोन काढला आणि म्हणाला, "मधून."

"बरं साहेब."

साहेब! ज्याला सकाळी तुळई आणि वासा यातला फरक मी सांगितला होता तो साहेब. आणि हे नेहमीचंच आहे. हार्डवेअरच्या दुकानात 8 नंबरचा 2 इंची स्क्रू मागितला की "मिस्त्रीला पाठवा ना मॅडम", पटाशीला, म्हणजे सुताराच्या छिन्नीला, धार लावून मागितली की "किचनमधली सुरी का?". एकदा एकाने मला गुण्या (काटकोन तपासायचा) म्हणजे काय हे समजावून सांगितलं, गुण्या माझ्या हातात असताना. असो. म्हणजे असो नाहीच, पण पुढे जाऊ.

तर आमच्या पुढे नंबरला एक काका होते. सत्तरी ओलांडलेले, पांढरा शर्ट, पायात सँडल, स्कूटरच्या फूटबोर्डवर एकच पाट. त्याच्या एका कोपऱ्यातून अर्धा इंच कापायला आले होते. त्यांचं आमच्या तुळईकडे लक्ष गेलं, ते उठले, जवळ आले, कडीवरून हात फिरवला आणि थेट टेम्पोवाल्याला म्हणाले,

"ही आमची आहे."

मी म्हटलं, "काका, मी विकत घेतलीय, पावती आहे."

"तसं नाही हो," हे अजून त्यालाच, "ही आमच्या माजघरातली. नारायण पेठेतलीच ना?"

पोरगा म्हणाला, "हो, नारायण पेठ." वर आणि मान डोलावली, जसा काही हाच वाडा पाडायला उभा होता.

"बघा! हे काळं बघा, हे पानशेतचं पाणी. 1961, 12 जुलै. मी सहा वर्षांचा. मला खांद्यावर घेऊन वडील बाहेर पडले आणि मागे वळून बघितलं तर पाणी माजघरात."

आता ते काळं म्हणजे खिळ्याभोवतीचा डाग होता. ओल लागली की लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून असं शाईसारखं काळं होतं, आणि ते बरोब्बर माझ्या 41 भोकांभोवती गोल गोल होतं. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण काकांचे डोळे खरंच भरून आले होते, आणि पुरात घर पाहिलेल्या माणसाला टॅनिन काय सांगायचं? मी गप्प बसले. पहिली चूक. नाही, बेचाळिसावी.

काकांनी ठाण्याला थोरल्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. फोन कडीसमोर धरला. "दादा, ओळख काय ते!"

पलीकडून बनियनमधले दादा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पंख्याचा हूक."

"पंख्याचा काय, पाळण्याची कडी! माजघरातली!"

"माजघरातल्या कड्या पितळी होत्या," दादा म्हणाले. "तू विकल्यास."

पुढची दहा मिनिटं वखारीतलं मशीन बंद होतं, कारण मशीनवरचा माणूसही येऊन उभा राहिला. कड्या कोणी विकल्या, किती किलो भरल्या, त्या पैशातून कोणाच्या मुलीचं फ्रॉक शिवणं झालं, वाड्याच्या हिश्श्यात मागच्या दोन खोल्या कोणाच्या धरल्या, आईचं शेवटचं आजारपण कोणी काढलं आणि फक्त दिवाळीला कोण आलं, सगळं माझ्या तुळईवर निघालं. मध्येच काकांनी फोन टेम्पोवाल्याकडे वळवला, "हे बघ, यांनी घेतलीय आता", आणि त्या पोराने दादांना हात जोडून नमस्कार केला. दादांनीही केला. वर म्हणाले, "सांभाळा हो." मी त्या फ्रेममध्ये कुठेच नव्हते, माझी फक्त ओढणी दिसत होती.

शेवटी दादा म्हणाले की आपल्या माजघराची तुळई मांडीएवढी जाड होती, ही कसली किरकोळ, आणि फोन ठेवला. काकांनी तुळईकडे नव्याने पाहिलं आणि जरा नाराजीने म्हणाले, "हो, आमची याहून दणकट होती." म्हणजे आता माझं लाकूड त्यांचं नव्हतं, पण किरकोळ मात्र होतं!

तेवढ्यात शेठने अॅडव्हान्स मागितला (हा मात्र माझ्याकडे, पैशाच्या वेळी बरोब्बर दिसते मी), ऑनलाइन जाईना, म्हणून सुट्टे आणायला समोरच्या चहावाल्याकडे गेले. पाच मिनिटं, सहा धरा. परत आले तर तुळईत कडीच्या जागी भोक, आणि काका कडी रुमालात गुंडाळून स्कूटरला किक मारतायत.

"काका! कडी!"

"यांना विचारून घेतली हो," टेम्पोवाल्याकडे बोट. "नुसती फिरवली तर आली हाताला. वाटच बघत होती जणू." आणि गेले. पाटसुद्धा न कापता गेले.

मी त्या पोराकडे बघितलं. तो म्हणाला, "मॅडम, रडत होते ते."

यावर काय बोलणार. आतल्या आत चडफडत म्हटलं जाऊदे, म्हातारा माणूस, चिरून घेऊ आणि घरी जाऊ. मशीनवर तुळई चढवताना दुसरं टोक मीच धरलं, कारण साहेबांचा फोन आला होता. निम्म्यावर गेली आणि आतून असा किंचाळल्यासारखा आवाज आला की रस्त्यापलीकडची माणसं थांबली. कडी हाताला आली म्हणजे काय, तर गंजलेला दांडा मोडला होता, आणि त्याचा अडीच इंची तुकडा आतच राहिला होता. पट्ट्याचे दात गेले.

शेठ माझ्या शेजारून चालत गेला आणि पोराला म्हणाला, "साहेब, पट्टा तुमच्या नावावर."

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. 800 रुपये. आणि घरी सोडल्यावर हॉल्टिंगचे 200 वेगळे, कारण तासभर उशीर झाला. कोणामुळे झाला हे मी विचारलं नाही, मला रडू आलं असतं, आणि मी रडले म्हणून कोणी माझी कडी मला देणार नव्हतं.

टेबल झालंय. मधोमध भोक आहे, त्यात सध्या पेन्सिल उभी राहते.

काल रात्री टेम्पोवाल्याने एक फोटो फॉरवर्ड केला, काकांनी त्याला पाठवलेला, म्हणजे त्यांनी नंबरही घेतला होता, त्याचाच. फ्लॅटची गॅलरी, वर माझी कडी, तिला टांगलेली मनीप्लांटची कुंडी. खाली पोराने लिहिलंय, 'बघा मॅडम किती छान'. मी मोठा करून बघितला. कडीला सोनेरी ऑइलपेंट मारलाय. ठाण्याला पण गेला असणार हा फोटो.