मुग्धबलाकाची चोच बिघडलेली नाहीये, कृपा करून बांधू नका

परवा भंडाऱ्याहून मामीचा फोन आला. धानाच्या बांधीत पोरांनी एक मोठा पक्षी धरला, त्याची चोच मिटेना म्हणून मामांनी ती सुतळीनं बांधली, आता तो काहीच खात नाहीये, काय द्यायचं? अहो, तोंड बांधल्यावर खाणार कसा! फोटो मागवला तर मुग्धबलाक, म्हणजे करकोच्याच्या जातीतला, चोचीच्या मधे फट असलेला पक्षी. आणि हा उपाय आला कुठून, तर आठवडाभर सगळ्या ग्रुपवर फिरणाऱ्या त्या मेसेजमधून. "फवारणी आणि मोबाईल टॉवरमुळे पाणपक्ष्यांची शरीरं बिघडली आहेत, करकोच्यांच्या चोची वाकून फट पडली आहे, दिसल्यास धरून चोच बांधा, आठ दिवसांत सरळ होते."

आधी ही फट. या पक्ष्याचं शास्त्रीय नाव आहे अ‍ॅनास्टोमस ऑसिटन्स, त्यातल्या ऑसिटन्सचा अर्थ जांभई देणारा, आणि हे नाव पडलं 1783 साली. तेव्हा कुठला टॉवर होता आणि कुठली फवारणी? आफ्रिकेत याचा भाऊबंद आहे, त्याच्याही चोचीत अशीच फट असते. आपल्याकडे याला घोंगल्या फोडा म्हणतात, म्हणजे हा काय खातो ते आपल्या जुन्या माणसांना नावातच माहीत होतं. तळ्यातल्या, बांधीतल्या मोठ्या गोगलगायी हेच याचं मुख्य खाणं.

आता त्या नावातही थोडी गडबड आहे, कारण मोठी गोगलगाय हा सहसा फोडत नाहीच. ज्युलियन हक्सलेसारख्या मोठ्या शास्त्रज्ञालाही वाटलं होतं की फटीत शंख धरून अडकित्त्यासारखा फोडत असेल, पण तो निष्कर्ष संग्रहातले नमुने आणि जुनी वर्णनं बघून काढलेला. काल नावाच्या अभ्यासकानं जिवंत पक्षी खाताना बघितले आणि 1971 साली सविस्तर लिहिलं. वरच्या चोचीच्या टोकानं शंख जमिनीवर दाबून धरायचा, खालच्या चोचीचं बारीक, जरा उजवीकडे वळलेलं टोक झाकणापाशी आत घालायचं, शंखाला धरून ठेवणारा स्नायू कापायचा आणि मऊ मांस सबंध बाहेर ओढायचं, तेही बऱ्याचदा डोकं पाण्याखाली ठेवून. मधे फट असल्यामुळे दोन्ही टोकं जास्त कोनात येतात आणि जोर टोकावर पडतो असा अंदाज आहे, चोचीच्या कडा खरखरीत असतात त्या निसरडा शंख धरायला. या हत्यारालाच तुम्ही सुतळी बांधताय!

एक गोष्ट मेसेजवाल्याची मान्य करावी लागेल. "लहानपणी यांची चोच सरळ असते" हे खरंय, पिल्लांना फट नसते, वय वाढेल तशी ती येते. पण म्हणजे तो रोग होत नाही, आपल्याला दाढीमिशा येतात तसंच ते.

बाकीचे मुद्दे पटकन. पाणकावळा पंख पसरून बसतो म्हणजे विषबाधा झाली, असं लिहिलंय. नाही, त्याचे पिसं वरून भिजतात म्हणून तर त्याला बुडी मारणं सोपं जातं, मग बाहेर येऊन वाळवावे लागतात. चमच्या नावाच्या पक्ष्याची चोच "चपटी झाली" नाहीये, चपटीच असते, अर्धवट उघडी ठेवून तो ती गढूळ पाण्यात डावीउजवीकडे फिरवतो आणि काही लागलं की मिटतो. रोहित पक्षी केमिकलनं गुलाबी होतात हेही चूक, रंग पाण्यातूनच येतो खरा पण तो शेवाळ आणि कोळंबीसारख्या बारीक जिवांमधल्या रंगद्रव्याचा. फवारणीनं पक्ष्यांचं नुकसान होतं हे मी नाकारत नाही, पण मुग्धबलाकाच्या चोचीतली फट काही त्यामुळे पडलेली नाही.

आणि जंगली पक्षी धरून ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे त्या मेसेजमधे कुठंच नाही.

सुतळी मी फोनवर असतानाच सोडायला लावली. संध्याकाळी मामांनी त्याला तलावाच्या काठावर नेऊन ठेवलं, थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग उडून पलीकडच्या झाडावर गेला. मामांच्या ग्रुपवर तो मेसेज अजून आहे. त्याच्याखाली हे सगळं टाकायला सांगितलंय, तुमच्याकडे आला असेल तर तुम्हीही टाका.